शब्द येतात पण वाक्य होत नाही? आधी क्रियापद शोधा

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. नऊ वर्षांनी परत नोकरी सुरू केलीये आणि रोज पाच-सहा इंग्लिश मेल लिहावे लागतात. शब्द येतात, वाचलेलं कळतं, पण लिहायला बसले की वाक्य कुठेतरी लंगडं राहतं. मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं, 'सेंट द फाइल यस्टरडे. इज व्हेरी अर्जंट. बिकॉज सिस्टिम वॉज स्लो. द लिस्ट ऑफ नेम्स आर अटॅच्ड.' टीममधल्या एका मुलीने बाजूला घेऊन सांगितलं की यातलं एकही वाक्य धड नाही, कुठे सब्जेक्ट नाही, एक तर वाक्यच नाही. मग ग्रामरचं पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर शब्दांच्या आठ जाती, त्या तर मला शाळेपासून पाठ आहेत! सब्जेक्ट म्हणजे विषय आणि ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू एवढंच डोक्यात बसलंय, त्यामुळे मी वाक्यात विषय शोधत बसते. कुठून सुरुवात करू?
– अर्ध्या वाक्यात अडकलेली

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ती चार वाक्यं तर कागदावर उतरवून घेतली, कारण तुम्ही नुसतं 'ग्रामर कच्चं आहे' असं न लिहिता चुका जशाच्या तशा पाठवल्यात आणि त्यावरून नेमकं काय अडलंय ते लगेच दिसतं. यातल्या तीन चुका सरळ मराठीच्या सवयीतून आल्यात, म्हणजे तुमची मराठी इतकी पक्की आहे की इंग्लिश वाक्य सुद्धा तुम्ही मराठीच्या सोयीने बांधताय. चौथी, लिस्टवाली, ती इंग्लिश ज्यांची मातृभाषा आहे तेही करतात, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी ते आठ जातींचं. त्या पाठ आहेत हे चांगलंच आहे पण त्यांनी तुमचा प्रश्न सुटणार नाही, कारण त्या दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहेत. नाम, सर्वनाम, विशेषण ही झाली शब्दाची जात. सब्जेक्ट, ऑब्जेक्ट ही त्या शब्दाने वाक्यात केलेली कामं. जात आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शाळेत बहुतेक वेळा त्या एकामागोमाग एक अशा शिकवतात की मुलांच्या डोक्यात दोन्हीची खिचडी होते. 'डॉक्टर' हा शब्द घ्या, जात नाम. 'द डॉक्टर कॉल्ड' म्हणजे डॉक्टरांनी फोन केला, इथे तो सब्जेक्ट आहे. 'आय कॉल्ड द डॉक्टर', इथे तोच शब्द ऑब्जेक्ट झाला. 'शी इज अ डॉक्टर', इथे तो दोन्ही नाहीये, तिसरंच काम करतोय, त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात, म्हणजे पूरक, स्तुतीवालं नव्हे. शब्द एक, जात एक, कामं तीन. म्हणून नाम शोधून सब्जेक्ट सापडत नाही, माझ्या मते तर वाक्य शिकताना जाती थोड्या दिवस बाजूलाच ठेवाव्यात.

आता नावं. सब्जेक्ट म्हणजे विषय, हे शाळेच्या वेळापत्रकातलं. ग्रामरमधला सब्जेक्ट म्हणजे मराठी व्याकरणातलं उद्देश्य, आणि आपण सोयीसाठी कर्ता म्हणतो. सब्जेक्ट आणि ऑब्जेक्ट (म्हणजे आपलं कर्म) हे दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेत, सब्जेक्टच्या मुळाचा अर्थ 'खाली ठेवलेलं', म्हणजे ज्याच्यावर बाकीचं वाक्य उभं राहतं ते, आणि ऑब्जेक्टच्या मुळाचा अर्थ 'समोर टाकलेलं'. हे लक्षात राहिलं तर विषय आणि वस्तू हे दोन्ही डोक्यातून निघून जातील. आणि व्हर्ब, म्हणजे क्रियापद, त्याचं मूळ 'व्हर्बम', त्याचा लॅटिनमधला अर्थ नुसता 'शब्द'! मला हे फार आवडतं, की एवढे सगळे शब्द असताना 'शब्द' हे नाव मिळालं ते क्रियापदाला.

आणि तिथूनच सुरुवात करायची. वाक्य समोर आलं की सब्जेक्ट शोधू नका, पहिल्या शब्दापासून अर्थ लावत पण जाऊ नका, आधी क्रियापद शोधा. कसं शोधायचं? व्याख्या आठवू नका, 'क्रिया दाखवणारा शब्द' ही व्याख्या फसवते कारण 'स्विमिंग' मध्ये पण क्रिया दिसते आणि 'इज' मध्ये काहीच क्रिया दिसत नाही. त्यापेक्षा काळ बदलून बघायचा. वाक्याच्या आधी 'यस्टरडे' लावा आणि जो शब्द बदलावा लागतो तो पकडा. 'शी वॉन्ट्स टू लर्न स्विमिंग' यात क्रियेचे शब्द तीन दिसतात ना, वॉन्ट्स, लर्न, स्विमिंग. आता काल लावा, 'यस्टरडे शी वॉन्टेड टू लर्न स्विमिंग'. बदललं फक्त एक. बाकी दोघं जागचे हलले नाहीत. म्हणजे या वाक्याचं क्रियापद वॉन्ट्स, आणि 'टू लर्न स्विमिंग' हे सगळं मिळून त्याच्या पुढचा भाग. मेलमधल्या लांब वाक्यांत सुद्धा ही युक्ती बहुतेक वेळा चालते, मी शिकवताना सगळ्यात आधी हेच देते. क्रियापद आधीच भूतकाळातलं असेल तर उलटं करा, 'एव्हरी डे' लावून बघा.

एक सांगून ठेवते, क्रियापद एका शब्दाचंच असतं असं नाही. 'हॅज बीन वेटिंग' हे तीन शब्द मिळून एक क्रियापद, 'विल कम' हे दोन मिळून एक. आपण 'वाट बघत आलाय' म्हणतो तसंच.

क्रियापद मिळालं की त्याच्यासमोर प्रश्न ठेवायचा, कोण किंवा काय? वॉन्ट्स, कोण? शी. झाला सब्जेक्ट. इथे बरेच जण 'करणारा तो कर्ता' असं पाठ करतात आणि मग 'द लेटर वॉज सेंट' आलं की गोंधळतात, पत्राने काय केलं? काहीच नाही केलं, ते बिचारं पाठवलं गेलं. तरी इथे सब्जेक्ट 'द लेटर' च आहे. 'द रूम इज कोल्ड' मध्ये पण खोली काही करत नाहीये. म्हणून करणारा शोधू नका, क्रियापदाच्या आधीच्या जागेवर कोण बसलंय ते बघा. सब्जेक्ट हे कामगाराचं नाव नाही, ती जागा आहे.

ही जागेची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायचीये कारण तुमच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. मराठीत 'आईने मुलाला शोधलं' आणि 'मुलाला आईने शोधलं' यात अर्थ बदलत नाही, जोर थोडा इकडेतिकडे होतो इतकंच, 'शोधलं आईने मुलाला' म्हटलं तरी समोरच्याला कळतं. का कळतं, तर 'ने' आणि 'ला'. प्रत्येक शब्दाच्या गळ्यात त्याचं ओळखपत्र आहे, तो कुठेही बसला तरी तो कोण ते कळतंच. इंग्लिशमध्ये ही ओळखपत्रं नाहीत. 'द मदर फाउंड द चाइल्ड', आईला मूल सापडलं. आता फक्त जागा बदला, 'द चाइल्ड फाउंड द मदर', मुलाला आई सापडली. एकही अक्षर बदललं नाही आणि अर्थ उलटा झाला! इंग्लिशमध्ये शब्दाचं काम त्याची जागा ठरवते, म्हणून तिथे क्रम इतका कडक आहे, आधी सब्जेक्ट, मग क्रियापद, मग ऑब्जेक्ट. आपला साधा क्रम कर्ता, कर्म, क्रियापद, जपानी, तुर्की, तमिळ यांचाही तोच. त्यामुळे मराठी माणूस कर्त्यानंतर क्रियापदाला शेवटपर्यंत ढकलत नेतो आणि इंग्लिश बोलणारा कर्ता झाल्या झाल्या लगेच क्रियापद मागतो.

आणि इंग्लिश पहिल्यापासून अशी नव्हती हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्लिशमध्ये विभक्ती होत्या, म्हणजे कुत्रा कर्ता असेल तर त्याच्या आधी 'से' लागायचं आणि तोच कर्म असेल तर 'थोने', आज दोन्हीकडे एकच 'द' आहे. पुढच्या काही शतकांत ही विभक्तीची रूपं बोलताबोलता झिजली, आणि ती जशी गेली तसं त्यांचं काम जागेवर येऊन पडलं. सर्वनामांत मात्र ती अजून शिल्लक आहेत, आय चं मी होतं (इंग्लिशमधलं मी, म्हणजे 'मला'), ही चं हिम, शी चं हर, दे चं देम. म्हणून 'हिम वेंट' हे कानाला लगेच खटकतं, तिथे ओळखपत्र अजून आहे ना. तुम्हाला सब्जेक्टची शंका आली तर हे वापरा, त्या जागी ही किंवा दे टाकून बघा, बसलं तर तो सब्जेक्ट, हिम किंवा देम बसत असेल तर तो ऑब्जेक्ट. 'द मॅनेजर कॉल्ड द न्यू पीपल', मॅनेजरच्या जागी ही, नव्या लोकांच्या जागी देम. 'ही कॉल्ड देम'. झालं.

आता तुमचं पहिलं वाक्य, 'सेंट द फाइल यस्टरडे'. मराठीत 'काल फाइल पाठवली' हे पूर्ण वाक्य आहे, कोणी पाठवली ते संदर्भाने कळतं. 'आलो', 'जातेस का', 'येतील' यात कर्ता म्हणायची गरजच नाही कारण क्रियापदाच्या शेपटीतच तो असतो, आलो म्हटलं की मी किंवा आम्ही, जातेस म्हटलं की तू, आणि मुलगी आहे हे पण कळतं. इंग्लिशच्या 'सेंट' ला अशी शेपूट नाहीये. आय सेंट, यू सेंट, शी सेंट, दे सेंट, सगळीकडे सेंट ते सेंट. म्हणून 'आय' लिहावंच लागतं, 'आय सेंट द फाइल यस्टरडे'. तुम्ही म्हणाल की चॅटवर तर सगळे आय गाळतात, हो गाळतात, इंग्लिश मातृभाषा असलेले पण गाळतात, पण ते काय गाळतोय हे माहीत असून गाळतात. तुम्ही निदान काही महिने तरी पूर्णच लिहा.

दुसरं वाक्य, 'इज व्हेरी अर्जंट', त्याच घरातलं पण एक पाऊल पुढचं. कोण अर्जंट आहे? ते काम. मग 'इट'. 'इट इज व्हेरी अर्जंट'. इंग्लिशला ती सब्जेक्टची जागा रिकामी सहनच होत नाही, इतकी की जिथे बसवायला कोणी नसतं तिथे सुद्धा ती कोणाला तरी बसवते. बाहेर पाऊस पडतोय, मराठीत पडणारा पाऊस आहे, इंग्लिशमध्ये 'इट इज रेनिंग'. यातलं इट म्हणजे कोण? कोणीच नाही, ते नुसतं जागा धरून बसलंय. 'देअर इज अ प्रॉब्लेम' मधलं देअर पण तसंच, 'तिथे' असा त्याचा अर्थ इथे लावूच नका, 'एक अडचण आहे' एवढंच ते म्हणतंय. हे दोन शब्द रिकामी जागा भरायला असतात हे एकदा कळलं की 'हे इट कुठून आलं' हा प्रश्न कायमचा संपतो.

इथेच अजून एक गोष्ट सांगते जी पुस्तकात सहसा नसते, म्हणजे मराठी माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकात तरी असायला हवी. मराठीतला कर्ता आणि इंग्लिशमधला सब्जेक्ट हे दर वेळी एकच नसतात! 'माझ्याकडे चावी आहे' यात आहे कोण? चावी. इंग्लिशमध्ये 'आय हॅव द की', सब्जेक्ट आय. 'मला सर्दी झालीये' यात झालीये सर्दी, इंग्लिशमध्ये 'आय हॅव अ कोल्ड', परत आय. 'मला हे गाणं आवडतं' मध्ये आवडणारं गाणं आहे आणि मी 'ला' लावून बाजूला उभी आहे, इंग्लिश मला उचलून पुढे बसवते, 'आय लाइक धिस साँग'. भूक, आठवण, गरज, आवड, जवळ असणं या सगळ्यात आपण 'मला' आणि 'माझ्याकडे' म्हणतो आणि ते बहुतेक वेळा 'आय' म्हणतात. अशा वाक्यांचं शब्दाला शब्द भाषांतर करायला गेलात की अडकणारच, तिथे स्वतःला मुद्दाम विचारा की इंग्लिश इथे पुढच्या जागेवर कोणाला बसवेल.

चौथं वाक्य आधी घेते, तिसरं जरा वेगळं आहे. 'द लिस्ट ऑफ नेम्स आर अटॅच्ड'. नेम्स हा शब्द क्रियापदाच्या अगदी शेजारी आहे, तो अनेकवचनी, म्हणून हात आपोआप 'आर' कडे गेला. पण जोडलेली आहे काय? यादी. नावं कसली तर ती यादीतली. सब्जेक्ट 'द लिस्ट ऑफ नेम्स' हा सगळा पट्टा आहे पण त्याचं डोकं लिस्ट आहे, आणि क्रियापद डोक्याचं ऐकतं. म्हणून 'द लिस्ट ऑफ नेम्स इज अटॅच्ड'. ऑफ, इन, ऑन, विथ, फॉर असे शब्द जिथे सुरू होतात तिथपासून त्यांच्या नामापर्यंतचा भाग बोटाने झाका, उरेल त्यात डोकं लगेच दिसतं. 'द कीज टू द कपबोर्ड', 'टू द कपबोर्ड' झाका, उरल्या कीज, म्हणून 'आर मिसिंग'.

याच्यात पण मराठीची एक सवय आड येते. आपल्याकडे क्रियापद नेहमी कर्त्याचंच ऐकतं असं नाही. 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी निबंध लिहिला', 'मी पत्र लिहिलं', लिहिणारी मीच, पण क्रियापद बदलतंय ते चिठ्ठी, निबंध आणि पत्र यांच्यामुळे. यालाच आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून घोकलंय. इंग्लिशमध्ये क्रियापद ऑब्जेक्टचं कधीच ऐकत नाही, फक्त सब्जेक्टचं. 'शी राइट्स अ लेटर', 'शी राइट्स टेन लेटर्स', पत्रं दहा झाली म्हणून राइट्स चं काही बदलत नाही.

आता क्रियापदाच्या उजवीकडे जाऊ. तिथे प्रश्न विचारायचा, काय किंवा कोणाला? 'शी मेट अ डॉक्टर', भेटली, कोणाला? डॉक्टरला. ऑब्जेक्ट. 'शी बिकेम अ डॉक्टर', झाली, काय? डॉक्टर. दिसायला दोन्ही वाक्यं अगदी जुळी आहेत, एक शब्द फक्त वेगळा, पण दुसऱ्यात डॉक्टर हा ऑब्जेक्ट नाही. पहिल्यात ती आणि डॉक्टर ही दोन माणसं आहेत, दुसऱ्यात एकच. मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून बघा, ती बरोबर डॉक्टर, जमलं तर कॉम्प्लिमेंट, म्हणजे आपलं विधानपूरक, नाही जमलं तर ऑब्जेक्ट. आणि तुमच्याकडे तर याहून सोपी खूण आहे, मराठीत आणा, माणसाच्या बाबतीत 'डॉक्टरला भेटली' मध्ये ला लागतो आणि 'डॉक्टर झाली' मध्ये लागत नाही. मराठी येणं कुठे उपयोगी पडतं ते बघा! कॉम्प्लिमेंट नामच असतं असं नाही, विशेषण पण चालतं, तुमचंच 'इट इज व्हेरी अर्जंट' घ्या, त्यात 'व्हेरी अर्जंट' हे कॉम्प्लिमेंट. आणि हे 'इज' कधीही गाळू नका. आपण ओळख करून देताना 'हा माझा भाऊ' म्हणून मोकळे होतो, आहे म्हणतही नाही, इंग्लिशमध्ये 'ही माय ब्रदर' हे वाक्य होत नाही, क्रियापदच नाही ना त्यात.

काही क्रियापदांना दोन ऑब्जेक्ट लागतात, देणं, दाखवणं, पाठवणं, सांगणं अशी. 'ही गेव्ह मी अ बुक', काय दिलं, पुस्तक, कोणाला दिलं, मला. दोन्ही ऑब्जेक्टच, फक्त कोणाला आधी येतं आणि काय नंतर. क्रम उलटवायचा असेल तर 'टू' आणावा लागतो, 'ही गेव्ह अ बुक टू मी'. मेलमध्ये तुम्हाला हे रोज लागेल, 'आय सेंट यू द फाइल' किंवा 'आय सेंट द फाइल टू यू', दोन्ही बरोबर, पण 'आय सेंट टू यू द फाइल' असं लिहू नका, ते अवघडल्यासारखं वाटतं.

राहिलं केव्हा, कुठे, कसं, का. याची उत्तरं देणारा भाग म्हणजे ॲडव्हर्बियल. 'आय सेंट द फाइल यस्टरडे' मधलं यस्टरडे. हा भाग बहुतेक वेळा काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं, आणि त्याला जागेचं बंधन पण कमी, 'यस्टरडे आय सेंट द फाइल' चालतं. फक्त क्रियापद आणि ऑब्जेक्टच्या मध्ये त्याला घुसवू नका, 'आय सेंट यस्टरडे द फाइल' नको. काही क्रियापदांना मात्र हा भाग लागतोच, 'शी पुट द की', तिने चावी ठेवली, पण इंग्लिश वाचणारा विचारेल कुठे? 'शी पुट द की ऑन द टेबल' म्हटल्यावरच त्याचं समाधान होतं. म्हणजे वाक्याला किती भाग लागणार हे सुद्धा क्रियापदच ठरवतं. 'स्लेप्ट' ला सब्जेक्ट पुरतो, 'शी स्लेप्ट', संपलं वाक्य. 'बाय' ला काहीतरी विकत घ्यायला लागतं, 'गिव्ह' ला दोन गोष्टी लागतात. म्हणून मी म्हणतेय आधी क्रियापद. नवीन क्रियापद शिकाल तेव्हा एकटा अर्थ लिहून ठेवू नका, त्याच्या पुढे काय काय लागतं त्याच्यासकट एक पूर्ण वाक्य लिहून ठेवा.

आता तुमचं तिसरं, 'बिकॉज सिस्टिम वॉज स्लो'. यात सब्जेक्ट आहे, क्रियापद आहे, कॉम्प्लिमेंट पण आहे, सिस्टिमच्या आधी 'द' हवं ती गोष्ट निराळी, तरी तुमच्या टीममधली मुलगी बरोबर बोलली, हे वाक्य नाही. कारण बिकॉज. बिकॉज, इफ, व्हेन, ऑल्दो, व्हाइल हे शब्द वाक्याच्या डोक्यावर बसले की ते वाक्य दुसऱ्याचा हात धरायला लागतं, एकटं उभं राहू शकत नाही. मराठीत 'कारण सिस्टिम स्लो होती.' असं पूर्णविरामानंतर सुटं लिहिलं तरी कोणाला खटकत नाही, इंग्लिशमध्ये लेखी मजकुरात ते अर्धवट धरतात. दोन्ही जोडून टाका, 'द फाइल रीच्ड यू लेट बिकॉज द सिस्टिम वॉज स्लो'. यात आता क्रियापदं दोन आहेत, रीच्ड आणि वॉज, दोघांना आपापला सब्जेक्ट आहे, फाइल आणि सिस्टिम. लांब वाक्य आलं की हेच करायचं, आधी क्रियापदं मोजायची, मग प्रत्येकाचा सब्जेक्ट शोधायचा. 'द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर फिक्स्ड माय सायकल' मध्ये लिव्ह्ज चा सब्जेक्ट हू आणि फिक्स्ड चा सब्जेक्ट 'द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर' हा पूर्ण पट्टा, आपल्या 'जो शेजारी राहतो त्याने' सारखा.

प्रश्नांबद्दल पटकन. प्रश्नात मदतनीस क्रियापद उडी मारून सब्जेक्टच्या आधी जातं, 'हॅज द ट्रेन लेफ्ट', आणि मदतनीस नसेल तर बहुतेक वेळा डू आणावा लागतो, 'डू यू नो हर'. सब्जेक्ट मधोमध अडकला म्हणून घाबरू नका, प्रश्नाचं साधं विधान करा, 'द ट्रेन हॅज लेफ्ट', लगेच सगळे आपापल्या जागी दिसतात. आणि आज्ञेत, 'ओपन द डोअर', सब्जेक्ट न लिहिलेला यू असतो, तिथे जागा रिकामी दिसली तरी चालते. एकट्या 'स्टॉप' चं पण पूर्ण वाक्य होतं ते त्यामुळेच.

सरावासाठी मी तुम्हाला एक जुनी पद्धत सुचवते. 1877 मध्ये अलॉन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोन अमेरिकन शिक्षकांनी वाक्य रेषांवर मांडायची एक पद्धत पुस्तकात आणली आणि तिकडच्या शाळांमध्ये ती पुढे कितीतरी वर्षं चालली. एक आडवी रेघ ओढायची. तिच्यावर डावीकडे सब्जेक्ट, मग रेघ आरपार कापणारी एक उभी रेघ, तिच्या उजवीकडे क्रियापद. ऑब्जेक्ट असेल तर क्रियापदानंतर एक छोटी उभी रेघ, पण ही आडव्या रेघेवर फक्त टेकलेली, खाली न जाणारी, आणि तिच्या पुढे ऑब्जेक्ट. कॉम्प्लिमेंट असेल तर उभ्याऐवजी तिरकी रेघ, सब्जेक्टकडे झुकलेली, कारण तो परत सब्जेक्टबद्दलच बोलतोय. बाकीचं, कसलं, कुठलं, केव्हा, ते सगळं ज्याच्याबद्दल आहे त्याच्या खाली तिरक्या रेघांवर लटकवायचं. 'द लिस्ट ऑफ नेम्स इज अटॅच्ड' असं मांडून बघा, वर राहते लिस्ट, आणि 'ऑफ नेम्स' तिच्या खाली लोंबकळतं, मग इज की आर हा प्रश्नच उरत नाही, डोळ्यांनाच उत्तर दिसतं. ही पद्धत आता मागे पडलीये, काहींना ती रटाळ वाटते, मला मात्र वाटतं की मोठ्या वयात परत शिकणाऱ्याला हातात पेन्सिल घेऊन वाक्य उकलायला मिळणं यासारखं दुसरं काही नाही.

नवीन पुस्तक लगेच घेऊ नका. स्वतःचेच पाठवलेले जुने मेल काढा, रोज फक्त पाच वाक्यं. प्रत्येकात काल लावून क्रियापद पकडा आणि त्याला गोल करा, कोण विचारून सब्जेक्टखाली रेघ मारा, सब्जेक्ट सापडलाच नाही तर तिथे आय, इट किंवा दे यातलं कोण हवं होतं ते लिहा, आणि मग उजवीकडे जा. पहिल्या आठवड्यात उजवीकडचं राहून गेलं तरी हरकत नाही, पण गोल आणि रेघ चुकवू नका. काळ, आर्टिकल, स्पेलिंग यातल्या चुका दिसल्या तरी त्या दिवसात त्यांच्यामागे लागू नका.

आणि हे एक वाक्य तुमच्यासाठी ठेवते, 'द पेपर्स ऑन द टॉप शेल्फ बिलाँग टू द वुमन हू कॉल्ड धिस मॉर्निंग'. क्रियापदं किती, प्रत्येकाचा सब्जेक्ट कोणता आणि बिलाँग ला एस का नाही लागला, एवढं रेघांवर मांडा आणि पुढच्या पत्रात कळवा, तुमच्या पाच वाक्यांतली जी अडतील ती पण त्यासोबत पाठवा.